४२९४९६७२९७ : कसोटीत पास, तरी मूळ संख्या नाही?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

संख्या आहे ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ नेही नाही. मग फर्माची कसोटी लावली. 'न' मूळ असेल तर २ च्या (न−१) व्या घाताला न ने भागून बाकी १ उरायला हवी. ती चक्क १ च आली! संगणक मात्र ठामपणे 'संयुक्त' म्हणतो.

प्रोग्रॅमने आणखी एक गंमत दाखवली. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². याचा काही उपयोग आहे का? की कागदावर अवयव काढायला ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या ६५४२ मूळ संख्या तपासायच्या?

प्रतिसाद १
कसोटीत पास झाली म्हणजे मूळच, असं नसतं. पाया २ घेऊन (म्हणजे २ चे घात वापरून) ही संख्या नापास होऊच शकत नाही. न ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे न पेक्षा एकने कमी), म्हणून २^६४ ची बाकी १. आणि न−१ म्हणजे २^३२, त्याला ६४ ने भाग जातोच. पाया ३ घेऊन बघा, बाकी १ येणार नाही. गणितज्ञ फर्माला या जातीच्या (२^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, दरवेळी घातांक दुप्पट) सगळ्या संख्या मूळ वाटत होत्या. ३, ५, १७, २५७, ६५५३७ आहेतही. पुढची हीच, आणि ती १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने फोडली.

प्रतिसाद २
अहो, उत्तर तुमच्याच हातात आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे लिहिता येते. तुमच्याकडे दोन प्रकार आहेत, म्हणजे संयुक्त हे सिद्धच झालं. आता वजाबाक्या करा: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८. दोन्हींचा मसावि ८. भागून उरले ४०९ आणि २५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७००४१७, हाच एक अवयव!

धागाकर्ता
वा! पण वर्गांची दुसरी जोडी हाताने शोधायची कशी?

प्रतिसाद २
ती शोधणं किचकटच. त्यापेक्षा हे बघा. 'प' हा मूळ अवयव असेल तर प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते. म्हणून बाकी १ यायला २ चा ६४ वा घात लागतो, त्याआधी ती येत नाही. फर्माच्या कसोटीप्रमाणे २^(प−१) ची बाकीही १ असते, मग प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच भाग जातो. भागाकारही करायला नको: ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ५×२^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. आणि ६४१ = ५^४ + २^४, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १ मिळते, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.