सहाव्या खेळाडूला पुढच्या हंगामासाठी ठेवावे की सोडावे?

सातपूरकर (धागाकर्ता):
आमच्या बास्केटबॉल क्लबच्या कार्यकारिणीपुढे येत्या रविवारी हा एकच विषय आहे आणि त्यावर आमच्यातच दोन तट पडले आहेत, म्हणून तो येथे मांडतो. गेले दोन हंगाम सहावा खेळाडू म्हणून, म्हणजे पहिल्या पाचात न उतरता बेंचवरून येऊन, सामने फिरवणारा एक खेळाडू आमच्याकडे आहे. बेसलाइनवरून डाव्या हाताने तो आत शिरतो, बोर्डाला अलगद चेंडू लावून बास्केट करतो, आणि समोरचा संघ झोन लावून, म्हणजे एकेका खेळाडूमागे न धावता आपापली जागा अडवून, बसला की त्याच्याइतका उपयोगी माणूस आमच्याकडे दुसरा नाही. राग मात्र नाकावर. गेल्या हंगामातल्या उपांत्य सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये प्रशिक्षकांनी त्याला बदलून बाहेर घेतले, तेव्हा त्याने पाण्याची बाटली अशी आपटली की टोपण उडून स्कोअररच्या टेबलाखाली गेले. गैरवर्तनाचा टेक्निकल फाउल लागला, समोरच्यांनी फ्री थ्रो घातला आणि सामना आम्ही 2 गुणांनी हरलो. आता शहरातलाच दुसरा क्लब त्याला बोलावत आहे. प्रवासखर्च, बूट आणि थोडे मानधन देऊन त्याला आणखी एक वर्ष ठेवावे, असे माझे मत आहे, कारण त्या सामन्यात आमच्या 61 गुणांपैकी 17 त्याचे होते आणि तेही 13 मिनिटांत.

देवळालीचे जुने प्रशिक्षक:
माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाचा जे. आर. स्मिथ आठवावा. 2012-13 च्या हंगामात तो 80 सामने खेळला, त्यांतला एकही पहिल्या पाचात नाही, तरी सरासरी 18.1 गुण करून त्याने सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, बोस्टनविरुद्धची मालिका हातात असताना त्याने जेसन टेरीला कोपर मारले, पुढच्या सामन्यासाठी तो निलंबित झाला आणि तो सामना संघ हरला. एवढे समोर दिसत असूनही त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी नवा, अनेक वर्षांचा करार केला. पुढच्या हंगामाचे पहिले 5 सामने तो अमली पदार्थविषयक नियमभंगामुळे बाहेर बसला, आणि जानेवारी 2014 मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या बुटांच्या नाड्या सोडण्याच्या खोडीबद्दल त्याला 50,000 डॉलर दंड झाला. आदल्या वर्षी 54 सामने जिंकलेला संघ त्या वर्षी 37 वर आला आणि प्लेऑफलाही पोहोचला नाही. घसरणीचे सारे खापर एकट्या त्याच्यावर फोडता येणार नाही, हे मान्य. पण करार करताना माणूस कसा आहे हे संघाला ठाऊक होते, एवढेच मला सांगायचे आहे. द्राक्षाच्या विरळणीत चांगले मणीसुद्धा काढावे लागतात, हे नाशिककरांना मी वेगळे सांगायला नको.

कॉलेज रोड:
सर, आपण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. जानेवारी 2015 मध्ये निक्सने त्याला क्लीव्हलँडकडे पाठवले आणि 2016 साली तोच स्मिथ विजेत्या संघात होता. त्याच लीगमधल्या डेनिस रॉडमनचे उदाहरण तर याहून मोठे आहे. सॅन अँटोनियोला तो नकोसा झाला, म्हणून 1995 साली त्यांनी विल परड्यूच्या बदल्यात तो शिकागोला देऊन टाकला. त्या हंगामात शिकागोने 72 सामने जिंकले. रॉडमनने पंचाला डोके मारल्याबद्दल 6 सामन्यांची बंदी ओढवून घेतली, आणि तरीही त्या हंगामापासूनची सलग तीन विजेतेपदे तो संघात असताना आली. माणूस तोच होता, फरक त्याला सांभाळणाऱ्यांत होता.

देवळालीचे जुने प्रशिक्षक:
रॉडमन बेंचवरचा खेळाडू नव्हता आणि आपल्याकडे शिकागोचे प्रशिक्षक फिल जॅक्सनही नाहीत. स्मिथची गोष्ट पूर्ण करायची तर 2018 च्या अंतिम मालिकेतला पहिला सामनाही सांगावा लागेल: 107-107 अशी बरोबरी असताना रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, हातात आला आणि हा गृहस्थ बास्केटकडे न वळता चेंडू घेऊन बाहेर पळाला. सामना जादा वेळेत गेला आणि क्लीव्हलँड हरले. तो रागाचा प्रसंग नव्हता, हे मला कळते. पण बिकट क्षणी ज्याच्या डोक्याचा भरवसा देता येत नाही, त्याच्यावर संघ उभा करता येत नाही.

पंचवटीतील टेबल ऑफिशियल:
बाटलीच्या प्रसंगातली एक नियमाची बाजू कोणीच मांडली नाही. खेळाडू मैदानात असताना टेक्निकल झाला, तर तो त्याच्या पाच फाउलांत आणि संघाच्या फाउलांत धरला जातो. बदलून बाहेर आलेल्या खेळाडूचा टेक्निकल मात्र स्कोअरशीटवर प्रशिक्षकाच्या नावापुढे ‘बी’ अक्षराने चढतो, आणि असे तीन चढले की प्रशिक्षकालाच मैदान सोडावे लागते. म्हणजे बाटली आपटणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. सामना जाण्याचे म्हणाल, तर त्या फ्री थ्रोचा गुण एकच असतो आणि हार दोन गुणांची होती, त्यामुळे बाटलीने सामना घालवला असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. प्रशिक्षकांचा अपमान झाला, हा आक्षेप मात्र खरा आहे.

अंबड, सेकंड शिफ्ट:
मी त्याच्याबरोबर खेळतो, म्हणून लिहितो. आठवड्यातून चार सायंकालीन सरावांना हजर असेल त्यालाच पहिल्या पाचात घ्यायचे, असा क्लबचा नियम आहे. हा मुलगा अंबडच्या कारखान्यात दुपारी साडेतीनच्या शिफ्टला जातो, मध्यरात्री घरी पोहोचतो आणि सकाळी साडेसहाला संकुलाच्या कोर्टावर एकटाच शंभर-दीडशे शॉट मारतो. तो बेंचवर बसतो तो खेळ कमी पडतो म्हणून नव्हे. उपांत्य सामन्यात सलग तीन बास्केट केल्यावर त्याला बाहेर घेतले आणि त्याच्या जागी चारही सरावांना येणारा, पण त्या दिवशी हात न चालणारा खेळाडू पाठवला. बाटली आपटणे चूकच होते. पण त्याला का काढले, हे आजतागायत त्याला कोणी सांगितलेले नाही.

देवळालीचे जुने प्रशिक्षक:
दादा, चार सरावांना येणारा तो मुलगा नाशिक रोडहून दोन बस बदलून येतो. हजेरीचा नियम त्याच्यासाठी आहे. रागीट माणसाची अडचण सगळ्यांना दिसते आणि निमूट बसणाऱ्याची कोणाला दिसत नाही, यालाच माझी हरकत आहे.

सातपूरकर (धागाकर्ता):
सरांचा हा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि शिफ्टची गोष्ट कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना, माझ्यासह, ठाऊकच नव्हती, हे कबूल करतो. म्हणून रविवारी मी असा प्रस्ताव ठेवीन: त्याला एकच हंगाम घ्यावे, बेंचवरून टेक्निकल लागला तर पुढचा सामना त्याने बाहेर बसावे, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि ज्यांची शिफ्ट आड येते त्या सर्वांचा सकाळचा सराव हजेरीत धरावा. बदल केल्यावर दोन वाक्यांत कारण सांगावे, अशी विनंती प्रशिक्षकांनाही करणार आहे.

देवळालीचे जुने प्रशिक्षक:
सकाळी तो आला की नाही, हे पाहणार कोण? ज्याची हजेरी त्यानेच मांडायची असेल, तर तो नियम राहिला नाही. माझे मत विरोधात नोंदवावे.

पंचवटीतील टेबल ऑफिशियल:
विरोध जरूर नोंदवावा. मी रोज सकाळी तिथेच फिरायला असतो. हजेरीची वही माझ्याकडे द्या.