गोदामात माल कंपनीप्रमाणे लावायचा की खपाप्रमाणे?

रविवारपेठ_होलसेल
बेळगाव, चिकोडी, निपाणी, कुठंही एजन्सीच्या गोदामात जावा, माल कंपनीप्रमाणे लावलेला दिसतो. ही भिंत साबणवाल्यांची, ती बिस्किटवाल्यांची, मधल्या रांगेत चहा-मसाला. माझं मत स्पष्ट आहे: ही पद्धत मोडायला पाहिजे. रोज निघणारा माल शटरकडं, महिन्यातून एखादवेळी निघणारा माल मागं, मग कंपनी कुठलीही असो.

खानापूर लाइनच्या एका किराणा दुकानाचं बिल बघा. दहावाल्या साबणाचे दोन डझन, पाचवाल्या बिस्किटाची एक पेटी, चहाच्या पुड्यांच्या चार माळा, भांडी घासायचा बार आणि एक मसाला. पोरगा साबणासाठी मागच्या भिंतीपर्यंत जातो, बिस्किटासाठी शटरपाशी येतो, मसाला वरच्या फळीवर म्हणून शिडी शोधतो आणि बारसाठी परत मागं. पाच ओळींच्या बिलाला अख्खं गोदाम फिरून होतं. माल काढणाऱ्या माणसाचा सुमारे ५० टक्के वेळ नुसता चालण्यात जातो, असा या विषयातला नेहमीचा ठोकताळा आहे. तो पगार आपणच देतो, आणि संध्याकाळी पाय त्या पोराचे दुखतात.

साधारण २० टक्के वस्तूंवर ८० टक्के उलाढाल चालते, हे आपल्या सगळ्यांना बिलांवरून दिसतंच. मग त्या २० टक्क्यांना गोदामातली सगळ्यात सोयीची जागा का नको?

निपाणीकर
बोलायला सोपं आहे, पण कंपनीप्रमाणे लावण्यामागं कारणं आहेत. महिनाअखेरीला कंपनीचा माणूस स्टॉक बघायला येतो, त्याला सगळा माल एका नजरेत लागतो. डॅमेज आणि एक्सपायरीचा क्लेम कंपनीवार जातो. नवीन पोरगा आला तर दोन दिवसांत त्याला भिंती पाठ होतात. तुमच्या पद्धतीत साबण तीन ठिकाणी पांगला तर त्यानं शोधायचा कसा?

शिवाय खप एका जागी थांबतो का? गणपतीत एक माल पळतो, दिवाळीत दुसरा, लग्नसराईत तिसरा. दरवेळी रॅक हलवायची हमाली कोण देणार?

रविवारपेठ_होलसेल
@निपाणीकर कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येणार, बिलं रोज निघणार. एका दिवसाच्या सोयीसाठी उरलेला महिना पायपीट का करायची? क्लेमचा माल तर तसाही वेगळ्या कोपऱ्यात ठेवावा, चांगल्या मालाशेजारी नकोच. आणि सणाला सगळं हलवायची गरज नाही. शटरजवळची एक रांग सणाच्या मालासाठी मोकळी सोडा, तेवढं पुरतं.

खानापूर_एजन्सी
दोघंही कोरड्या गोदामाचा हिशेब करताय. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पावसाचा झोत शटरमधूनच आत येतो. तुमच्या पद्धतीनं बिस्किट शटरपाशी ठेवलं तर आठवड्यात पुठ्ठा मऊ पडेल. पावसाळ्यात आम्ही दारात पत्र्याचे डबे आणि बाटलीबंद माल ठेवतो. पुठ्ठ्यातला माल आत, पॅलेटवर (जमिनीपासून उंच ठेवणाऱ्या लाकडी चौकटीवर), भिंतीपासून हातभर सोडून. चालायला लागलं तरी चालेल, माल वाचतो.

आणि वास! धुण्याच्या पावडरीशेजारी चहा ठेवला तर गिऱ्हाईक पुडा फोडल्या फोडल्या परत पाठवतं. दोन्ही वस्तू जोरात खपतात, म्हणून काय शेजारी बसवणार? शेतीची औषधं ठेवणाऱ्यांनी तर खपाचा विचार नंतर करावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणं विक्रीची औषधं वेगळ्या खोलीत, नाहीतर कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात.

उद्यमबाग_स्टोअर
मी कारखान्याचं स्टोअर बघतो. नुसता खप बघून चालत नाही, जागा किती खातो तेही बघा. मालसाठवणुकीचे अमेरिकन अभ्यासक हेस्केट यांनी १९६३ मध्ये एक सोपा हिशेब मांडला: वस्तूला लागणारी जागा भागिले तिची मागणी. उत्तर जितकं लहान, तितकी ती दाराजवळ. वेफर्सचा बॉक्स खपतो भरपूर, पण फुगीर. तो दारात लावला तर तेवढ्या जागेत मावणाऱ्या साबणाच्या कितीतरी पेट्या मागं ढकलल्या जातात.

उंचीही महत्त्वाची. रोजचा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर, जड माल खाली, वर फक्त हलका आणि क्वचित लागणारा. शिडीवरून तेलाचा डबा उतरवायला लावणं हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे, आणि हे मी रागानंच लिहितोय.

गाडी_भरणारा
मी छोटा हत्ती भरतो. माल काढायला वेळ जातो हे खरं, पण खोळंबा होतो तो भरताना. शेवटच्या दुकानाचा माल आधी चढायला पाहिजे. सगळी बिलं एका ढिगात आली की गाडीपाशी परत निवडत बसावं लागतंय. शटरपाशी माल लावून ती जागाही भरून टाकू नका. लाइनप्रमाणं, म्हणजे गाडीच्या रस्त्याप्रमाणं, जमिनीवर पट्टे मारा: खानापूर, हुक्केरी, संकेश्वर. राज्य ओलांडून चंदगडकडं जाणारा माल एकदम वेगळा ठेवा, त्याचे कागद वेगळे असतात.

अजून एक. रॅकला नाव नको, आकडा द्या. आमच्यातली काही पोरं फक्त कानडी वाचतात, काही फक्त मराठी. आकडा सगळ्यांना कळतो. बिलावर तोच आकडा छापा, मग साबण तीन ठिकाणी असला तरी सापडतोय की.

रविवारपेठ_होलसेल
@गाडी_भरणारा पट्ट्यांचं पूर्ण पटलं, शटरसमोरची जागा गाडीसाठीच पाहिजे. जोराचा माल तिच्या लगेच मागच्या रांगेत लावू. @खानापूर_एजन्सी पावसाळ्याची मांडणी वेगळी, हेही मान्य. पण ऑक्टोबरनंतरही तीच का ठेवायची?

निपाणीकर
आकड्याची गोष्ट मला पटली. तरी सगळं मोडायला मी तयार नाही. जोरात खपणाऱ्या मोजक्या वस्तूंच्या थोड्या पेट्या पुढं आणा, बाकी माल कंपनीवारच राहू दे. त्यातही भीती आहे: एकच वस्तू दोन ठिकाणी झाली की पोरं पुढं नवीन बॅच भरतात, आणि जुनी मागं पडून तिची तारीख उलटते.

रविवारपेठ_होलसेल
त्यावर उपाय आहे. गाडी उतरली की नवा माल आधी मागंच लावायचा, थेट पुढं आणायचा नाही. प्रत्येक पेटीवर जाड मार्करनं एक्सपायरीचा महिना लिहायचा आणि पुढची रांग भरताना सर्वात जवळची तारीख उचलायची. हे काम एकाच माणसाकडं द्या, दुपारी बिलं कमी असताना. तुम्ही दहा वस्तूंपासून सुरुवात करा. कुठल्या दहा, ते मागच्या तीन महिन्यांच्या बिलांच्या ओळी मोजून ठरवा. रुपये मोजू नका. महाग वस्तूचं एक बिल मोठं दिसतं, पण चालायला लावते ती पाच रुपयांची वस्तू.