घराभोवतीची बाग: रचना, झाडांची ओळख आणि फरसबंदी कोणत्या क्रमाने शिकावी?

प्रश्न

घरामागे सुमारे १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद मोकळी जागा आहे. तेथील बाग स्वतः आखावी, अशी मनापासून इच्छा आहे. परंतु रचना, वनस्पतींची ओळख आणि फरसबंदी ही तिन्ही अंगे मला नवीन आहेत. मागे उत्साहाच्या भरात मी माती नुसती सपाट करून तिच्यावर फरशा मांडल्या. पहिल्याच मोठ्या पावसात काही फरशा खचल्या आणि पाणी भिंतीशी साचून राहिले. आता रीतसर शिकायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

सुरुवात नकाशापासून करा. आलेखाच्या कागदावर १:५० या प्रमाणात, म्हणजे जमिनीवरील १ मीटरला कागदावर २ सेंटिमीटर धरून, भिंती, दारे, नळ आणि सध्याची झाडे दाखवा. झाडाची जागा अंदाजाने ठरवू नका. घराच्या दोन कोपऱ्यांपासून खोडापर्यंतची अंतरे मोजा आणि कंपासने तेवढ्या त्रिज्यांचे दोन कंस काढा. बागेच्या बाजूला ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे झाड आहे. त्याच कागदावर सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची सावली, तसेच पाणी साचण्याच्या जागा नोंदवा. नवे रोप हातभर असले तरी नकाशावर पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर काढावा. हे न केल्यामुळे बागा पुढे कोंदट झालेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रतिसाद २

आपल्या फरशा खचल्या, त्याचे कारण फरशीत नसून तिच्याखाली आहे. पायवाटेसाठी सैल माती काढून साधारण १० सेंटिमीटर खडीचा थर द्यावा आणि तो एकदम न टाकता दोन वेळा टाकून प्रत्येक वेळी धुम्मसने (ठोकण्याच्या जड अवजाराने) नीट ठोकावा. माती चिकण असेल तर थर अधिक जाड हवा. त्यावर सुमारे ३ सेंटिमीटर वाळू पसरून फरशी बसवावी. खडीतले उंचसखलपण जादा वाळूने झाकण्याचा मोह फार होतो, पण वाळू जेथे जाड असते तेथेच फरशी पुढे खचते. कडेला पक्की किनार बांधली नाही, तर फरशा हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडे पडतात.

भिंतीशी पाणी साचले, कारण जमिनीला ढाळ नव्हता. दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर ढाळ घरापासून दूर जाणारा ठेवा. ३ मीटर रुंदीच्या अंगणाची बाहेरची कड त्यामुळे साडेचार ते सहा सेंटिमीटर खाली येईल. एवढा फरक डोळ्यांना समजत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी ताडून पाहा आणि मगच दोरी ताणा.

प्रश्नकर्ता

खडी आणि वाळूचा हिशोब स्पष्ट झाला. मात्र नियोजित वाटेवर एक जुने झाड आहे आणि ते कोणते, हेच मला सांगता येत नाही. फूल येईपर्यंत थांबावे का?

प्रतिसाद ३

थांबण्याची गरज नाही. पानांची मांडणी पाहा. एकेका पेरावर, म्हणजे डहाळीवर जेथून पाने फुटतात त्या सांध्यावर, एकच पान आहे, दोन समोरासमोर आहेत की तीन? लाल किंवा पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीला बहुधा प्रत्येक पेरावर तीन पाने येतात, तर पिवळ्या कण्हेरीची पाने एकेक करून खोडाभोवती फिरत जातात. दोन्ही विषारी आहेत, म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत.

दुसरी खूण पानाच्या बुडाशी असते. खऱ्या पानाच्या देठालगत कळी सापडते, संयुक्त पान म्हणजे अनेक छोट्या पर्णिकांचे मिळून बनलेले एकच पान; त्यातल्या पर्णिकेला ती नसते. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, म्हणजे पर्णिका थेट मधल्या देठावर असतात, आणि बकाण निंबाचे दोनदा, म्हणजे मधल्या देठाला फाटे फुटून त्यांवर पर्णिका येतात; एवढा फरक लक्षात घेतला तरी नेहमीचा गोंधळ टळतो. डहाळीची समोरून आणि मागून छायाचित्रे काढून येथे द्या, म्हणजे आम्हालाही सांगता येईल.

झाडाचे नाव कळण्याआधीही वाट थोडी वळवून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक झाडांची बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. तेथे १३ ते १५ सेंटिमीटर खणून खडी ठोकली, तर मुळे तुटतात आणि मातीतली हवाही जाते. वळवणे शक्यच नसेल, तर खोडाभोवतीची जागा न खणता आणि न ठोकता मोकळी सोडा.