ईको गाडीसाठी गाण्यांचा परवडणारा टेप कोणता घ्यावा, आणि बसवून घेताना काय बघावं? (मदत हवी आहे)

वाळवंटी:

नमस्कार मंडळी. घरची जुनी मारुती ईको आहे, सात सीटर, सेकंडहँड घेतलेली. तिच्यात आधीच्या मालकानं बसवलेला टेप होता, तो यंदाच्या पावसात गेला. म्हणजे दिवे लागतात, आकडे दिसतात, पण आवाज आला तर एकाच बाजूनं आणि तोही खरखरत. नवा घ्यायचाय. बजेट मजुरीसकट आठ हजार, फार ताणलं तर नऊ.

गाडी मीच चालवते, नवरा बोटीवर असतो. मुलांची शाळा, शुक्रवारी म्हापशाचा बाजार, अधूनमधून सोमवारी मंगेशीची पालखी, चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी, आणि नणंद बेळगावला असल्यामुळे चोर्ला घाट. घाटात मोबाईलला रेंज नसते हे इथं सगळ्यांना ठाऊक आहेच.

ऐकणारे तीन तऱ्हेचे. सासऱ्यांना नाट्यसंगीत, त्यातही अभिषेकीबुवा, आणि १०५.४वर पणजी आकाशवाणी. त्यांच्यासाठी भाच्यानं एक पेनड्राइव्ह भरून दिलाय, तो ते खिशात घेऊन हिंडतात. मुलांना त्यांच्या फोनवरची गाणी. मला गाण्याचं फारसं नाही, पण फोन हातात न घेता बोलता आलं पाहिजे.

एका दुकानात गेले तर तो म्हणतो, मॅडम, साधा टेप आता कोण घेतो, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन घ्या, तुमच्याच बजेटात बसवतो. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसरा म्हणाला, वायरिंग पूर्ण बदलावं लागेल, चार स्पीकर आणि वर अ‍ॅम्प्लिफायर, नाहीतर ईकोत ऐकूच येणार नाही. दोघंही माझ्याशी न बोलता सासऱ्यांकडे बघून बोलत होते, हे जाता जाता.

तर स्क्रीन खरंच हवी का? खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय? दारातले जुने स्पीकर ठेवले तर चालतील का? मागच्या सीटवर ऐकू येत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, त्याला काय करावं? आणि बसवताना मी समोर उभी राहिले तर नक्की कशाकडे बघू?

तेरेखोल:

आधी डॅशबोर्डमधला खाचा मोजा. रुंदी सगळ्यांची १८ सेंमीच्या आसपास असते. उंची ५ सेंमी असेल तर सिंगल डिन, १० असेल तर डबल डिन. सिंगलच्या जागी स्क्रीन बसवायची तर डॅशबोर्ड कापतात नाहीतर पुढे लोंबणारी फ्रेम लावतात. कापू देऊ नका, एवढंच.

सुंगटाची कढी:

मी उलट बाजूनं बोलतो. स्क्रीन घ्या, कारण तिला मागचा कॅमेरा जोडता येतो. ईको पाठीमागून ठोकळा आहे, आत माणसं भरली की आरशात फक्त डोकी दिसतात. देवळाच्या वाटेवर चवथीच्या गर्दीत रिव्हर्स घ्यायची म्हणजे पोटात गोळा येतो. गाणी काय, फोनवरही वाजतात.

ओहमचा नियम:

कढीबाब, मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी नऊ इंची स्क्रीन नको. आरशात बसणाऱ्या छोट्या डिस्प्लेचा कॅमेरा वेगळा मिळतो, तो नंतर लावता येतो. या बजेटातली बिननावाची अँड्रॉइड स्क्रीन म्हणजे एक-दोन जीबी रॅमचा स्वस्त टॅब्लेटच. चावी फिरवल्यावर चालू व्हायला वेळ घेते, उन्हात तापली की अडखळते, आणि आवाज कमी करायला गोल बटण नसतं, काचेवर बोट सरकवत बसायचं. चालवणारी व्यक्ती एकच असेल आणि मागे पोरं भांडत असतील, तर हाताला न बघता सापडणारं बटण पाहिजे. सोनी, पायोनियर, केनवूड, जेव्हीसी, यांपैकी कुणाचाही सीडी नसलेला, ब्लूटूथ-यूएसबीवाला सिंगल डिन टेप तुमच्या तिन्ही गरजा भागवतो. पैसे उरवा आणि स्पीकरला घाला.

आता वॅटचं. टेपला गाडीतून मिळतात साधारण १४.४ व्होल्ट, तेही इंजिन चालू असताना. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा) स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २६ वॅट निघतात, आणि प्रत्यक्षात पंधरा-वीस. तोच टेप पूर्ण पिळून, आवाज फाटेपर्यंत वाजवला की गणित ५०च्या घरात जातं. खोक्यावर तोच आकडा छापतात. त्यामुळे एकावर ५० आणि दुसऱ्यावर ५५ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, कानाला काही फरक कळणार नाही. आत कुठंतरी बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद लिहिलेली असते, तेवढंच वाचा.

स्पीकर घेतानाही ‘३०० वॅट’ वगैरे लिहिलेलं सोडून द्या. ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा, म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो; ती डेसिबलमध्ये असते. ८९ आणि ९२ या दोन स्पीकरांत, ९२वाल्याला तेवढाच आवाज काढायला निम्मीच शक्ती लागते. म्हणजे तीन डेसिबल जास्तीचा स्पीकर घेतला की टेपची ताकद दुप्पट केल्यासारखं झालं, अ‍ॅम्प्लिफायर न घेता. अ‍ॅम्प्लिफायर विकणारा दुकानदार हे सहसा सांगत नाही.

जुने स्पीकर टाकायच्या आधी तपासा. घड्याळातला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, टेपमागून स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. खरखर आली किंवा काहीच आलं नाही तर गेला. यात आणखी एक कळतं: सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावलं तर पडदा बाहेर ढकलला जातो. दोन दारांत एक बाहेर आणि एक आत जात असेल तर वायर उलटी जोडलीय, आणि मग दोन्ही वाजत असूनही खर्ज गायब होतो. पखवाजाची थाप डबा बडवल्यासारखी येते ती बऱ्याचदा यामुळेच.

वाळवंटी:

खाचा मोजला, ५ सेंमी. म्हणजे स्क्रीनचा विषयच संपला, मुलांना सांगून झालं, तोंडं फुगली.

सेल लावून बघितला. डावीकडचा टप् म्हणाला, उजवा गप्प. पॅनल काढायला शेजारचा मुलगा आला होता, तो म्हणतो उजव्या स्पीकरचा कागद पार मऊ पडलाय, हात लावला की सुटतो. आतून दार ओलं होतं. दारात पाणी येतं कुठून? काच तर बंद असते.

तेरेखोल:

काचेच्या पट्टीतून पाणी दारात उतरतंच, तशीच रचना असते, खाली निचऱ्याची भोकं असतात. पॅनलच्या मागे एक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. स्पीकर बसवणारे ते सरळ फाडून टाकतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर खारी हवा. नवा स्पीकर बसवताना ते प्लास्टिक परत लावायला सांगा, नसेल तर जाड प्लास्टिक कापून चिकटवून घ्या, आणि स्पीकरच्या वर पाणी अडवणारी छोटी टोपी. निचऱ्याची भोकं मातीनं बुजलीत का तेही काडी घालून बघा. आणि कागदी पडद्याचा स्पीकर घेऊ नका, पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या पडद्याचा, घ्या.

ओहमचा नियम:

सहमत. आता मागच्या सीटचं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. म्हणजे तुमचे स्पीकर आणि इंजिनाची घरघर दोन्ही पुढेच, आणि मागच्यांपर्यंत इंजिन आधी पोचतं, अभिषेकीबुवा नंतर. आवाज वाढवला की पुढे बसलेल्याचे कान किटतात. उपाय म्हणजे मागे आणखी एक जोडी, चार इंची पुरेत, मधल्या सीटच्या थोडं मागे, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर. डिकीच्या दारात नको, तिथं मागे बसलेल्यांच्या पाठीशी वाजतात. मग टेपमध्ये ‘फेडर’ (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं सेटिंग) असतं ते थोडं मागे सरकवायचं.

इथं एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. वायर वाचवायला मागचे स्पीकर पुढच्याच वायरीला जोडून देतात. दोन ४ ओहमचे स्पीकर असे एकत्र जोडले की टेपला ते २ ओहम दिसतात. तो ४च्या खाली चालण्यासाठी बनवलेला नसतो, तापतो आणि मरतो. टेपमागून स्पीकरच्या चार वेगळ्या जोड्या निघाल्या पाहिजेत: पांढरी पुढे डावीकडे, राखाडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे. प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची, काळा पट्टा असलेली, ती मायनस. ही मायनस गाडीच्या पत्र्याला कधीच लावायची नाही.

बाकी वायरी: काळी अर्थिंगची, ती रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला घट्ट, गंजलेल्या स्क्रूखाली नव्हे. पिवळी थेट बॅटरीला, कायम. तांबडी चावीला. तांबडी-पिवळी उलटी लागली तर टेप वाजतो, पण चावी काढली की घड्याळ आणि सगळी स्टेशनं पुसली जातात. दोन्ही बॅटरीला लावल्या तर चावी काढूनही टेप चालू राहू शकतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर कुंथतो. फिटरसमोर चावी काढा, लावा, वेळ राहिली का बघा. ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि जोड कपलरनं, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगनं, घ्या. नुसत्या वायरी पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली की आपल्या हवेत ती सुटते आणि आत तांबं हिरवं पडतं. मला वाटतं तुमचा जुना टेप मेलाच नसेल, जोडच खाल्ले गेले असतील.

वाळवंटी:

तुमचं खरं निघालं असावं. टेपमागच्या वायरी बघितल्या, सगळ्या पिळलेल्या आणि हिरव्या. आता जुना टेप चालतोय का ते बघायचा धीर नाही, ब्लूटूथ त्यात तसंही नाही.

दुकानात एक ब्लूटूथचा टेप दाखवला, माइक त्याच्या तोंडावरच आहे. दुसऱ्यात वेगळी वायर आहे माइकची. दुसरा हजारभर महाग.

सुंगटाची कढी:

दुसरा. ईकोत चालवताना बोलायचं तर माइक तोंडाजवळ पाहिजे. बाजूच्या खांबावर सनशेडच्या खाली लावून घ्या. इंजिन तुमच्याच बुडाखाली आहे, डॅशबोर्डवरच्या माइकात समोरच्याला फक्त तेच ऐकू येईल. नणंदेला बेळगावात वाटेल गिरणीतून बोलताय.

वाळवंटी:

बसवला! सोनीचा सिंगल डिन, वेगळ्या माइकचा. पुढे नवी जोडी, मागे चार इंची जोडी, कपलर, मजुरी धरून बजेटच्या आतच. चारही जोड्या वेगळ्या आहेत, मी मोजल्या. फिटर आधी हसला, मग स्वतःच रंग सांगायला लागला. चावी काढून घड्याळही बघितलं. दारात प्लास्टिक लावून घेतलं.

पण दोन भानगडी आहेत. सासऱ्यांचा पेनड्राइव्ह लागत नाही, ‘नो सपोर्ट’ येतं. मुलीच्या लहान पेनड्राइव्हवर टाकून बघितलं तर गाणी वाजली, पण नावांच्या जागी नुसते चौकोन आणि क्रमही भलताच, आधी भैरवी मग नांदी. दुसरं म्हणजे १०५.४ साखळी शहरात छान येतं, पुढे घाटाकडे खरखरतं.

ओहमचा नियम:

पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल. असे बरेच टेप फॅट३२च वाचतात. गाणी आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या, मग फॅट३२नं फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंतचा असेल तर विंडोजमध्ये तो पर्याय सरळ दिसतो.

चौकोन येतात कारण त्या डिस्प्लेत देवनागरी अक्षरंच नाहीत. फाइलचं नाव रोमन लिपीत लिहा, आणि गाण्याच्या आतल्या माहितीतही, कारण टेप बऱ्याचदा नाव तिथूनच घेतो. क्रमासाठी नावाच्या आधी ००१, ००२ असे आकडे घाला आणि फोल्डर रिकाम्या पेनड्राइव्हवर त्याच क्रमानं कॉपी करा, कारण काही टेप नावाप्रमाणे वाजवतात, तर काही ज्या क्रमानं फाइल उतरली त्या क्रमानं. दोन्ही केलं की नांदी आधी येईल.

जुनं नाट्यसंगीत ऐकताना ‘लाउडनेस’ आणि ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. ती ध्वनिमुद्रणं गळ्यासाठी केलेली आहेत, बूस्ट लावला की तबला गळ्यावर चढतो. मधल्या स्वरांचा पट्टा (‘मिड’) किंचित वाढवा, झालं.

तेरेखोल:

रेडिओचं: अँटेनाची दांडी पूर्ण वर ओढलीय का? आणि टेपमागचा जाड काळा प्लग शेवटपर्यंत आत गेलाय का, तो अर्धवट राहतो बऱ्याचदा. एवढं करूनही घाटात खरखरलं तर तो डोंगराचा दोष, टेपचा नाही. पुढे रेंज असेल तिथं फोनवर आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅप लावून ब्लूटूथनं ऐकवा, पणजी केंद्र त्यात आहे.

वाळवंटी:

प्लग अर्धाच होता. देव बरें करूं सगळ्यांचं. पेनड्राइव्हचं काम भाच्याकडे दिलंय, रविवारी येतो म्हणाला.