पुणे पुस्तक महोत्सवात गावच्या वाचनालयाला जागा कुठे?

ड वर्ग ग्रंथपाल
फर्ग्युसनच्या मैदानावर 2023 पासून दर डिसेंबरात राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा महोत्सव भरतो. तरुणांची गर्दी बघून मला मनापासून आनंद होतो. पण मांडव उतरला की पुढे काय? आमची वाचनालयं 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली, ड सगळ्यात खालचा. वर्गानुसार अनुदान, तेही हप्त्याहप्त्यानं. त्यातच पुस्तकं, वीजबिल, सेवकाचा पगार. गावातल्या पोराला वाचायला वर्षभर आम्हीच लागतो. एवढी शक्ती आधी इकडे लावा.

छोटा प्रकाशक
असहमत. न्यास केंद्राचा, तुमचं अनुदान राज्याचं. महोत्सव नसता तर ते पैसे तुमच्याकडे आले असते, असं होत नाही. आणि आमच्यासारख्यांना हे दिवस फार मोलाचे असतात. वितरकामार्फत विकलं तर किमतीचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये जातो, उरलेल्यासाठी महिनोन्महिने फोन करायचे. स्टॉलवर पैसे लगेच हातात. शिवाय दुकानदार जी जुनी आवृत्ती ठेवतच नाहीत, ती इथे लोक चाळतात, चार पानं उभ्यानं वाचतात आणि घेतात. कवितासंग्रहसुद्धा!

झेडपी शिक्षिका
मला महोत्सवातल्या विक्रमांचं पटत नाही. 2023 मध्ये हजारो पालकांनी एकाच वेळी मुलांना गोष्ट वाचून दाखवली, चीनचा गिनीज विक्रम मोडला. छान. पण मुलाला तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा हवी असते, आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. पुस्तक फाटेल म्हणून!

दोन मुलांची आई
विक्रम बाजूला ठेवा. प्रवेश फुकट आहे, मूल स्वतः हातात घेऊन पुस्तक निवडतं. माझ्या मुलीनं किल्ल्यांवरचं निवडलं, मी तिला परीकथा देत होते. घरबसल्या मागवताना निवड माझीच झाली असती.

ड वर्ग ग्रंथपाल
महोत्सव बंद करा असं मी म्हणतच नाही. अनुदानाचा हप्ता डिसेंबरच्या आत द्या आणि एक दिवस ग्रंथालयांसाठी राखा. हप्ता उशिरा आला की विक्रेत्याच्या यादीवर खुणा करून गठ्ठा मागवावा लागतो. त्यात काय येतं ते आमच्या वाचकांना विचारा.

छोटा प्रकाशक
हे मान्य. त्या दिवशी जास्त सवलत द्यायला मी तयार आहे. फक्त शनिवार-रविवार मागू नका, आमची निम्मी विक्री तेव्हाच होते.

ड वर्ग ग्रंथपाल
मंगळवार चालेल. पण हप्त्याचं आधी, नाहीतर रिकाम्या पिशव्या घेऊन फिरू.