मदत हवी आहे: कंपनीच्या ग्रुपवर शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकाला काढावं का?

नमस्कार मंडळी. नाशिक भागात विद्राव्य खतं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचा द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळतो. १०२४ सदस्यांची मर्यादा गाठत आलीय. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झालीय, डावणी या बुरशीजन्य रोगाच्या फोटोंना लगेच उत्तर द्यावं लागतं, आणि एक सदस्य प्रत्येक उत्तराखाली "लुटारू कंपनी" लिहितो. मध्ये कुणी बोललं की त्याच्यावरही एकेरीवर येतो.

जाहिरातवाल्यांना मी सरळ काढतो, पण हा खरा ग्राहक आहे. ठिबकचे ड्रिपर तुंबले ही त्याची तक्रारही खरी आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (स्फुरद जास्त असलेलं खत) एकाच टाकीत मिसळल्यानं साका बसला, असं आमचे तज्ज्ञ म्हणतात. त्याला ते पटत नाही.

नियम पिन केले, फोनवर बोललो, प्लॉटवर माणूस पाठवला, शिव्यांचे मेसेज डिलीट केले. 'फक्त अ‍ॅडमिन' लावलं तर बाकीच्यांचे प्रश्नच बंद झाले. एकट्यालाच गप्प ठेवायची सोय तिथे नाही, आणि दुसऱ्या अ‍ॅपवर शेतकरी येणार नाहीत.

मालक म्हणतात काढा. विक्रीवाले म्हणतात, स्क्रीनशॉट गावभर फिरतील (फिरतीलच!). कायद्याचं विचारत नाहीये. केवळ अ‍ॅडमिन म्हणून सदस्याच्या पोस्टची जबाबदारी येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय.

तक्रार मिटलेली नसताना ग्राहकाला कुणी ग्रुपमधून काढलंय का? तेव्हा ग्रुपवर कारण लिहिलंत की गुपचूप काढलंत, आणि बाकीचे सदस्य काय म्हणाले?