'ॲथलेटिक' क्वार्टरबॅकला मराठीत काय म्हणायचं?

जर्सीकर:
मंडळी, एक शब्द हवाय. इथल्या मंडळाच्या अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लिहितोय, म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते, आणि वाचणारे बहुतेक आईबाबा लोक, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. विषय असा की ड्राफ्टच्या (म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडतात त्याच्या) आधी कॉलेजातल्या तरुण क्वार्टरबॅकांची तुलना करताना टीव्हीवरचे पंडित गोऱ्या पोराला 'सेरेब्रल' म्हणतात आणि काळ्या पोराला 'ॲथलेटिक'. पहिल्याला 'डोकेबाज' चालेल असं वाटतंय. दुसऱ्याला काय? 'चपळ' लिहिलं तर बायको म्हणते अरे ही तर स्तुती झाली, मग ह्यात अन्याय कुठाय.

बार्शीवाला:
चपळच लिहा की राव. स्तुती तर स्तुती. कुणी चपळ म्हणलं म्हणून रडत बसायचं का.

सिलीपॉइंट:
वहिनींचा प्रश्न एकदम मोक्याचा आहे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत समोरच्या ११ जणांची मांडणी वाचायची आणि कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं, त्यामुळे ही जागा डोक्याची समजली जाते. अशा जागेसाठी उमेदवार बघताना 'पोरगा पळतो मात्र झकास' म्हणणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन 'घर छान आहे हो तुमचं' म्हणत चहा पिऊन निघणं.

२०१८ चा ड्राफ्ट घ्या. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा, हे चौघे गोरे, आणि लमार जॅक्सन ३२ वा, म्हणजे फेरीतला शेवटचा. जॅक्सनकडे २०१६ ची हाइझमन ट्रॉफी होती, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. तरी बिल पोलियन नावाचे जुने जाणते जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारे, हॉल ऑफ फेम ह्या दिग्गजांच्या मानाच्या यादीतले, ड्राफ्टच्या आधी म्हणाले की ह्याने रिसीव्हर व्हावं, म्हणजे फेकणारा नाही, झेलणारा. कारणं काय, तर उंची कमी, अंगाने जरा किरकोळ, आणि नेम नाही. आता गंमत बघा, पहिला गेलेला मेफिल्ड जॅक्सनपेक्षा दीडेक इंच बुटका. आणि नेमाचं म्हणाल तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जॅक्सनचे १०० पैकी ५९ पास पूर्ण, ॲलनचे ५६ च्या आसपास. ॲलनला कुणी रिसीव्हर हो म्हणालं नाही, तो 'रॉ', म्हणजे अजून कच्चा होता, हात तोफेसारखा आहे, कोचिंगने होईल तयार. (झालाही, तो भाग वेगळा.)

बरं पोलियननी जॅक्सनला शिव्या नाही घातल्या. उलट अफलातून ॲथलीट, अफलातून वेग, चेंडू हातात असतानाची उपजत समज अफलातून, असं तोंडभरून कौतुक केलं आणि त्या कौतुकावरूनच त्याला जागेवरून उठवला. म्हणून जॅक्सनने कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांना, ४० यार्डांची धावच घेतली नाही, पळून दाखवलं की लोक पायच बघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या मोसमात, ३६ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आणि एकमताने एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, आणि पोलियननी तर मोसम संपायच्या आधीच चुकलो म्हणून कबूल केलं.

तर जर्सीकर, मला वाटतं एका शब्दाला एक शब्द शोधू नका. मराठीत आपल्याकडे 'लाभलेलं' आणि 'कमावलेलं' अशी सरळ जोडी आहे, ती वापरा. काळ्या पोराचे गुण लाभलेले, म्हणजे देवाने दिले, ह्याने काय केलं. गोऱ्याचे कमावलेले. आणि दोषांच्या बाबतीत बरोब्बर उलटं, गोऱ्याचा दोष वयाचा, सुधारेल, काळ्याचा दोष स्वभावाचा. ही अदलाबदल वाचकाला दिसली की मग तुम्ही 'चपळ' लिहा नाहीतर 'काटक' लिहा.

ताकभात:
लाभलेलं-कमावलेलं आवडलं, पण जरा थांबा. लमारने त्याच २०१९ मध्ये १२०६ यार्ड पळून काढले, क्वार्टरबॅकसाठी विक्रम होता तो तेव्हा. पळणाऱ्याला पळणारा म्हणलं तर तो भेदभाव कसा? आणि मेफिल्डलाही पंडितांनी काही कमी झोडपला नव्हता, दारू पिऊन पोलिसांपासून पळाला म्हणून, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात झेंडा रोवला म्हणून. 'पोरकट', 'उर्मट' सगळं बोलून झालं होतं.

सिलीपॉइंट:
मेफिल्डचं मान्य. झोडपला, आणि तरी पहिला गेला. माझं म्हणणं ते 'तरी' आहे.

पळण्याचं म्हणाल तर एक जोडी बघा जिथे दोघेही पळणारे. कॅम न्यूटन २०११ ला पहिला गेला, अँड्र्यू लक २०१२ ला पहिला. कंबाइनमध्ये दोघांची ४० यार्डांची धाव साडेचार सेकंदांच्या थोडी वर, फरक अगदी किरकोळ, आणि जागेवरून उंच उडीत लक ३६ इंच, न्यूटन ३५. म्हणजे उडी गोऱ्याची जास्त! पण लकची तुलना पेटन मॅनिंगशी, म्हणजे डोकेबाज म्हणून गाजलेल्या गोऱ्या क्वार्टरबॅकशी, वाचन, अभ्यास, स्टॅनफर्डची डिग्री. न्यूटन मात्र ॲथलीट. आणि ड्राफ्टआधीच्या एका रिपोर्टात न्यूटनबद्दल काय लिहिलं होतं, तर माणूस बेगडी आहे, हसणं खोटं आहे. फेक स्माइल! अहो २१ वर्षाच्या पोराच्या हसण्याचं मोजमाप कुठल्या टेपने घेतलं?

पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूटन सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, हरला आणि पत्रकार परिषदेतून मध्येच उठून गेला, झालं, आठवडाभर 'रडका', 'अपरिपक्व'. सहा वर्षं आधी मॅनिंग सुपर बोल हरल्यावर हात न मिळवता मैदानातून निघून गेला होता. त्याच्यावरही टीका झाली, नाही असं नाही, पण 'हरणं सोसत नाही त्याला, जिद्दी आहे' म्हणणारे बरेच निघाले.

बार्शीवाला:
हे सगळं मीडियाचं झालं, टीम मालक पैसे लावतात ते रंग बघून लावतील का? हरतील ना साले.

ताकभात:
लावतात हो, हरूनही. वॉरन मून, काळा क्वार्टरबॅक, १९७८ ला ड्राफ्टच झाला नाही, तो कॅनडात गेला, एडमंटनला सलग पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकवून दिले आणि मग १९८४ ला अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संघाने बोलावला. आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याच्या आधी मार्लिन ब्रिस्को, तोही काळा, १९६८ ला डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक, पुढच्याच वर्षी बफेलोत रिसीव्हर. म्हणजे सिलीपॉइंट, तुमचे पोलियन काही नवीन बोलत नव्हते, ५० वर्षांची वहिवाट होती ती. (हो, मी बाजू बदलली. पण पळणाऱ्याला पळणारा म्हणायला अजूनही माझी हरकत नाही.)

गल्लीतलादादर:
अमेरिकेतलं मला फार कळत नाही पण शब्दांवर बोलतो. आपल्या मुंबई क्रिकेटमध्ये 'खडूस' ही शाबासकी आहे. विकेट फेकत नाही, समोरच्याला जीव नको करतो, ते खडूस. पण हेच दुसऱ्या गावचा पोरगा करायला लागला की आपल्याच कट्ट्यावर तो 'माजलेला' होतो. वेस्ट इंडीजचे फास्ट बॉलर आपल्याकडे कायम 'उपजत', 'रांगडे', गावसकर मात्र 'तंत्रशुद्ध'. मायकेल होल्डिंगचा रनअप बघा आणि सांगा त्यात तंत्र नव्हतं म्हणून.

आणि जर्सीकर, अंकात 'काळ्या पोराला' असं छापू नका. बोलताना ठीक, छापताना 'कृष्णवर्णीय'.

जर्सीकर:
'कृष्णवर्णीय' घेतो, जरा पेपरी वाटतो पण मंडळाच्या अध्यक्षांना शांत झोप लागेल. सुरुवात अशी करतोय, बघा: "जॅक्सनचे पाय त्याला लाभले आणि ॲलनने आपला हात कमावला, असं २०१८ मध्ये टीव्हीवर चाललं होतं. हात देव देत नाही आणि पाय कष्टाने होत नाहीत, असा त्या मंडळींचा समज असावा."

सिलीपॉइंट:
झकास. फक्त 'समज असावा' मधलं 'असावा' काढा. 'समज होता' लिहा.